फॅनफिक लिहिताना इशारे द्यावेत का? एका सतराव्या भागाच्या निमित्ताने

प्रश्न: ताई, मी एका मराठी मालिकेतल्या जोडीवर वर्षभर फॅनफिक, म्हणजे त्याच पात्रांवर चाहत्याने रचलेली कथा, लिहिते आहे. कथेचा विषय सांगणारे टॅग 'प्रेमकथा, कौटुंबिक' एवढेच आहेत. सतराव्या भागात नायिकेची धाकटी बहीण आत्महत्या करते. हा धक्का मी पहिल्या भागापासून रचत आणला होता. भाग टाकल्यावर एका वाचक मुलीचा निरोप आला: 'आधी सांगायला हवं होतंस. आमच्या घरी हे घडलंय.' मी माफी मागितली. मैत्रिणी म्हणतात, माफी कसली? ज्याला झेपत नाही त्याने वाचू नये, छापील कादंबऱ्यांवर कुठे असे इशारे असतात? शिवाय आधी सांगितलं तर सतराव्या भागात उरतंच काय? फॅनफिक लिहिणाऱ्याने कंटेंट वॉर्निंग, म्हणजे आत काय आहे याचा इशारा, द्यायलाच हवी का? आणि ती मुलगी विचारते आहे की पुढचे भाग वाचू की नको. तिला काय सांगू?

उत्तर: द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. अठरा वर्षं मी फॅनफिक लिहिते आहे आणि त्यातली दहाएक वर्षं दुसऱ्यांच्या कथा बीटा रीडर म्हणून, म्हणजे प्रसिद्ध होण्याआधी तपासून सूचना देणारी म्हणून, वाचते आहे. सुरुवातीला मी स्वतः इशारे देत नव्हते, त्यामुळे तुझ्या मैत्रिणींचं म्हणणं मला परकं नाही.

'ज्याला झेपत नाही त्याने वाचू नये' हे त्यांचं वाक्य मला पूर्ण मान्य आहे. पण झेपेल की नाही हे वाचकाने ठरवायचं, तर आत काय आहे हे त्याला कळायला नको का? त्या मुलीकडे ठरवण्यासाठी काय होतं? कथेचं नाव, जोडीचं नाव, दोन टॅग आणि सोळा भाग वाचून बसलेला विश्वास. त्यावरून तिने ठरवलं की हे मला झेपेल. तिच्याजवळ जेवढी माहिती होती तेवढ्यावर तिचा निर्णय बरोबरच होता. माहिती अपुरी होती आणि ती फक्त तुझ्याकडे होती.

छापील कादंबरीवर इशारा नसतो हे खरं, पण छापील कादंबरी वाचकापर्यंत एकटी पोचत नाही. मुखपृष्ठ असतं, मलपृष्ठावरचा मजकूर असतो, कुठेतरी परीक्षण छापून आलेलं असतं, ग्रंथालयातल्या बाई पुस्तक देताना 'हे जरा जड आहे हं' म्हणतात. दिवाळी अंकातल्या कथेच्या डोक्यावर चित्र असतं आणि चार ओळी असतात. पुस्तक उघडेपर्यंत आपल्याला थोडा अदमास आलेला असतो. फॅनफिकच्या वाटेवर यातलं कोणीच भेटत नाही. लिहिणारी तू, छापणारी तू, आणि दारात उभं राहून 'या' म्हणणारीही तूच. ग्रंथालयातल्या बाईंचं ते एक वाक्य शीर्षकाखालच्या ओळींत तुलाच लिहावं लागतं.

दुसरा फरक मला त्याहून मोठा वाटतो. कादंबरीत वाचक अनोळखी माणसांना भेटायला जातो. फॅनफिककडे तो ओळखीच्या, जीव लावलेल्या माणसांसाठी येतो. मालिकेत जे झालं नाही ते इथे व्हावं, त्या दोघांना एकमेकांशी निवांत बोलता यावं, एवढ्यासाठी पुष्कळ जण वाचतात. बहुतेक वेळा रात्री अंथरुणात, फोनवर, झोपेपूर्वी. अशा वेळी माणूस सावध नसतो, आणि नसावाच. म्हणून फॅनफिकमधला धक्का कादंबरीतल्या धक्क्यापेक्षा जास्त लागतो.

हे मला कळलं ते वाचक म्हणून. २०१६ च्या पावसाळ्यात माझे वडील गेले. अकरा दिवस अतिदक्षता विभागात होते. त्यानंतर कित्येक आठवडे मला झोप लागत नव्हती, आणि मी रोज रात्री एक लांबलचक फॅनफिक वाचायचे. 'कौटुंबिक, हलकंफुलकं' असा टॅग. घरातली लुटुपुटूची भांडणं, चहा, सुट्टीत गावाला जाणं. एकविसाव्या भागात नायकाच्या वडिलांना व्हेंटिलेटरवर ठेवलं, आणि लेखिकेने त्या यंत्राचा आवाज हुबेहूब लिहिला होता. लिहिलं उत्तमच होतं. मी फोन उलटा करून उशाशी ठेवला. मला काही झटका आला नाही, मी रडलेसुद्धा नाही. पण ती कथा माझ्या हातून गेली. त्या दिवसांत रात्री जायला माझ्याकडे तेवढी एकच जागा होती.

याचा पुढचा भाग मी कोणाला फारसा सांगत नाही, तुला सांगते. त्याच वर्षी दिवाळीनंतर मी 'वडिलांचा मृत्यू' हा टॅग मुद्दाम शोधून काढला आणि त्याखालच्या आठ-दहा कथा एकापाठोपाठ वाचल्या. तेव्हा मला तेच हवं होतं. बाप गेलेल्या मुलीबद्दल कोणीतरी नीट लिहिलेलं वाचायचं होतं, आणि कुठल्या पानावर काय येणार हे माहीत असल्यामुळे मी ते धीराने वाचू शकले. जुलैत जो टॅग मला दिसायला हवा होता, त्याच टॅगने नोव्हेंबरात मला हव्या त्या कथा आणून दिल्या. इशाऱ्याकडे आपण 'आत येऊ नका' अशी पाटी म्हणून बघतो. माझ्यासाठी तो पत्ता ठरला. काही जण त्या पत्त्यावर जायचं टाळतात, काही जण तोच शोधत येतात.

आता हे इशारे आले कुठून ते थोडं सांगते, कारण 'इशारे म्हणजे लेखकाच्या स्वातंत्र्यावर घाला' असं तुला कोणीतरी ऐकवेलच. इतिहास नेमका उलटा आहे. १९६७ मध्ये 'स्टार ट्रेक' या अमेरिकी मालिकेच्या चाहत्यांनी 'स्पॉकनेलिया' नावाचं झीन, म्हणजे घरगुती छपाईचं नियतकालिक, काढलं, तिथून आजच्या फॅनफिकची परंपरा मोजतात. पुढे प्रौढांसाठीची झीन विकताना वयाची लेखी खात्री मागण्याची रीत आली. नव्वदच्या दशकात कथा इंटरनेटवर फिरू लागल्या तेव्हा प्रत्येक कथेच्या डोक्यावर जोडी, रेटिंग, इशारे आणि 'ही पात्रं माझी नाहीत' अशी कबुली लिहायची पद्धत रुळली. ही कोणी लादलेली शिस्त नव्हती. चाहत्यांनीच एकमेकांसाठी पाडलेली वहिवाट होती.

मग मे २००७. लाइव्हजर्नल हे ब्लॉगचं संकेतस्थळ म्हणजे तेव्हाची फॅनफिकची मोठी वस्ती. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध तक्रारी आल्या म्हणून कंपनीने, खातेदारांनी नोंदवलेल्या आवडीनिवडींच्या शब्दांवरून, सुमारे ५०० खाती एका फटक्यात बंद केली. त्यात फॅनफिकचे गट गेले, एका कादंबरीवर चर्चा करणारा गट गेला, आणि अत्याचारातून वाचलेल्यांचे आधारगटही गेले. बंद खात्यांची नावं काट मारलेली दिसायची, म्हणून त्या प्रकाराला 'स्ट्राइकथ्रू' हे नाव पडलं. कंपनीने नंतर माफी मागितली, बरीच खाती परत आली, पण विश्वास उडाला तो उडालाच. आपल्या कथांसाठी आपलंच घर हवं अशी हाक त्याच महिन्यात निघाली होती, तिला यामुळे जोर आला. त्यातून ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स ही ना-नफा संस्था उभी राहिली आणि नोव्हेंबर २००९ मध्ये तिचं आर्काइव्ह ऑफ अवर ओन, म्हणजे आपलं एओथ्री, सगळ्यांसाठी खुलं झालं. २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथा-साहित्यातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

एओथ्रीचा करार असा आहे: कथा कितीही काळोखी असो, केवळ विषय नकोसा आहे म्हणून आम्ही ती काढणार नाही, तुम्ही फक्त ती नीट नावानिशी ठेवा. इशारे आहेत म्हणून काळोख्या कथा तिथे टिकून आहेत. जिथे नावं घालण्याची शिस्त नसते तिथे तक्रार आली की सगळंच झाडून काढतात. फॅनफिक्शन डॉट नेट या दुसऱ्या संकेतस्थळाने २००२ मध्ये प्रौढांसाठीच्या कथांचा अख्खा वर्गच काढून टाकला होता. ज्यांना धीट लिहायचं आहे त्यांनी तर इशाऱ्यांचा सगळ्यांत जास्त आग्रह धरायला हवा.

एओथ्रीवर कथा चढवताना इशाऱ्याचा रकाना रिकामा सोडता येत नाही. तिथे चार गोष्टींची नावं आहेत: हिंसेचं तपशीलवार वर्णन, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार किंवा संमतीविना संबंध, आणि १८ वर्षांखालच्या पात्राचे लैंगिक संबंध. यातलं काही नसेल तर 'यातला कुठलाही इशारा लागू नाही' हे निवडायचं. आणि त्याशिवाय एक वाट ठेवलेली आहे: 'लेखकाने इशारे न देण्याचं ठरवलं आहे.' ही वाट मला त्या सगळ्या व्यवस्थेतली सगळ्यांत शहाणी गोष्ट वाटते. तुला धक्का राखून ठेवायचा आहे ना? ठेव. फक्त 'मी काही राखून ठेवलं आहे' एवढं सांग. वाचक समजतो की आत काहीही असू शकतं, आणि तयारी असेल तर येतो. म्हणजे न सांगण्याचीही सभ्य पद्धत आहे. असभ्य काय, तर मुख्य पात्र मरत असताना 'कुठलाही इशारा लागू नाही' हे लावणं. तिथे तक्रार झाली तर टॅग बदलायलाही लावतात. बाकीचे मोकळे टॅग लेखकाच्या मर्जीवर.

'मुख्य पात्राचा मृत्यू' हा इशारा किती ताणायचा, हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो, विशेषतः महाभारतावर लिहिणाऱ्यांकडून. अभिमन्यू मरतो हे शेंबड्या पोराला माहीत आहे, मग इशारा कशाला? मी म्हणते, तुझी कथा विराटाच्या घरी उत्तरेच्या लग्नात संपत असेल तर नको. चक्रव्यूह लिहीत असशील तर हवा. तो गेला हे माहीत असणं वेगळं आणि तीन हजार शब्द त्याच्याबरोबर त्या व्यूहात उभं राहणं वेगळं. आणि अभिमन्यूला तू आजच्या पुण्यातल्या कॉलेजात घातलं असशील तर मग मूळ कथा माहीत असल्याचा आधारच संपला. तिथे तो जगेल अशीच आशा धरून वाचक आलेला असतो. द्यूतसभेचंही तेच. प्रसंग ठाऊक असतो, पण तुझ्या लेखणीने तो कुठपर्यंत नेला आहे हे ठाऊक नसतं.

इथे कोणीतरी म्हणतं की हे सगळं पाश्चात्त्य खूळ आहे, आपल्याकडे असले लाड नव्हते. आपल्याकडे नाट्यशास्त्राच्या परंपरेत युद्ध, मृत्यू, राज्यनाश रंगमंचावर प्रत्यक्ष दाखवू नये, प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांमधल्या छोट्या प्रवेशातून, नुसतं सांगावं, असा संकेत होता. भासाच्या 'ऊरुभंगा'त दुर्योधन रंगमंचावर प्राण सोडतो याची अभ्यासक आवर्जून नोंद करतात, ती याच कारणाने. मला तो संकेत आज परत आणायचा नाही. काय दाखवायचं, काय नुसतं सांगायचं आणि बघणाऱ्याला कसं तयार करायचं याचा विचार आपल्या मातीत फार जुना आहे, एवढंच म्हणते. आणि आजचं म्हणशील तर आपल्या बातम्यांत 'ही दृश्यं तुम्हाला विचलित करू शकतात' हे वाक्य रोज ऐकू येतं. त्याने कोणाचं बातमी बघणं बिघडलेलं नाही.

आता तुझा खरा अडसर: आधी सांगितलं तर उरतंच काय? यावर २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या दोघा मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग गाजला होता. शेवट आधी कळलेल्या वाचकांना कथा जास्तच आवडल्या असं त्यांना दिसलं. नंतरच्या काही अभ्यासांत उलटही दिसलं, म्हणून मी त्याचा आधार घेत नाही. मी तुला लिहिणारी म्हणून सांगते. 'पुढे आत्महत्येचा प्रसंग आहे' एवढं कळल्यावर वाचकाला कोण, केव्हा आणि का हे कुठे कळतं? तो प्रत्येकाकडे निरखून बघायला लागतो. नवव्या भागात धाकटी बहीण खळखळून हसली तर सुटल्यासारखं वाटतं, मग त्या हसण्याचीच धास्ती वाटायला लागते. तू पहिल्या भागापासून जे रचत आणलं आहेस ते या वाचकाला जास्त दिसेल. अजिबात न कळलेल्या वाचकाने ते बारकावे वरवर बघून सोडून दिले असतील. धक्का एकदाच बसतो. ती मुलगी कोण होती आणि घरातल्या कोणाच्या ते कसं लक्षात आलं नाही, हे पुन्हा पुन्हा वाचलं जातं. सतराव्या भागात तेच उरायला हवं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. इशारे दिले की दुखावलेल्या माणसाला कमी त्रास होतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. २०२३ मध्ये 'क्लिनिकल सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात १२ अभ्यास एकत्र तपासणारा लेख आला. इशाऱ्याने प्रत्यक्ष मजकूर वाचताना होणारा त्रास कमी होत नाही, वाचण्याआधीची धाकधूक मात्र वाढते, आणि लोक तो मजकूर टाळतातच असंही नाही, असे त्याचे निष्कर्ष होते. इशाऱ्यांच्या विरोधात बोलणारे हा लेख पुढे करतात. मी तो मानते, आणि तरी मत बदलत नाही. त्या प्रयोगांत माणसाला समोर बसवून 'आता जे येणार आहे ते त्रासदायक असू शकतं' असं सांगतात आणि मग ते दाखवतात. फॅनफिकमध्ये वाचक शोधतानाच एखादा टॅग वगळतो आणि ती कथा त्याच्या यादीतच येत नाही. किंवा माझ्यासारखा नेमका तोच शोधतो. इशारा औषध म्हणून निकामी असेल. निवड करण्याचं साधन म्हणून तो रोज कामाला येतो. त्या लेखातून मी एक धडा मात्र घेतला. 'ट्रिगर वॉर्निंग! संवेदनशील विषय!' असं मोघम लिहिलं तर धाकधूक तेवढी वाढते आणि हाती काही लागत नाही. म्हणून जे आहे त्याचं नाव घ्यायचं.

मराठीत लिहिणाऱ्यांची खरी अडचण इथे सुरू होते. आपल्याला नाव घ्यायची सवय नाही. वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षं 'अतिप्रसंग' लिहिलं. हा शब्द आज सोळा वर्षांच्या वाचकाला नीट कळतही नाही. 'विनयभंग' हा पोलीस ठाण्यातला शब्द, त्यात काय काय येतं हे ज्याचं त्याने ठरवायचं. 'अब्रू जाणे' या शब्दांत तर दोष पीडितेकडेच सरकतो. इशारा लिहिताना हे तिन्ही सोडून दे. बलात्कार असेल तर 'बलात्कार' लिही. स्पर्शापर्यंतचं असेल तर 'लैंगिक छळ'. 'गर्भपात' आणि 'गर्भ आपोआप पडणे' हे वेगवेगळे लिही, दोन्हींची वाचक वेगळी असते. 'स्वतःला इजा करणे' हा साधा, स्वच्छ शब्दप्रयोग आहे. आणि 'बोल्ड' हा शब्द इशारा म्हणून मुळीच वापरू नकोस. तो आपल्याकडे आमंत्रण म्हणून वापरतात, आणि त्याच्या आडून संमतीचे लैंगिक प्रसंग आणि जबरदस्ती एकाच पोत्यात भरली जाते.

जबरदस्तीवरून आठवलं. मालिकांवरच्या फॅनफिकमध्ये 'मनाविरुद्ध लग्न, मग प्रेम' हा साचा किती चालतो हे तुला माहीत आहे. काही वर्षांपूर्वी अशी एक कथा माझ्याकडे बीटासाठी आली. लग्नाच्या रात्रीचा प्रसंग होता, नायिका दोनदा नाही म्हणते, नायक ऐकत नाही, आणि लेखिकेने टॅग लावला होता 'रोमान्स'. मी प्रसंगावर काहीच बोलले नाही. एवढंच विचारलं, याला इशारा काय लिहिशील? ती दोन दिवस गप्प होती. मग तिने तो प्रसंग पुन्हा लिहिला, कारण तिला नायक तसा दाखवायचाच नव्हता. बघितलेल्या दहा प्रसंगांसारखा अकरावा तिच्या हातून सहज उतरला होता. तिने तो तसाच ठेवून 'संमतीविना संबंध' असा इशारा दिला असता तरी माझी हरकत नव्हती. पण इशाऱ्याची ओळ लिहायला बसलं की आपण काय लिहिलं आहे ते आपल्यालाच दिसतं. वाचकाइतकाच लिहिणाऱ्यासाठीही तो उपयोगी आहे, हे मी त्या दिवशी शिकले.

एओथ्रीचे चार इशारे अमेरिकेतल्या चाहत्यांच्या अनुभवातून आले. आपल्या कथांना ते पुरत नाहीत. जातीवरून अपमान आणि जातीय हिंसा, हुंड्यासाठी छळ, मूल होत नाही म्हणून बाईला ऐकवले जाणारे टोमणे, रंगावरून हिणवणं, कर्जापायी शेतकऱ्याची आत्महत्या, धार्मिक दंगल: आपल्या वाचकांच्या घरांत हे घडलेलं असतं, आणि मालिकेच्या बेतलेल्या जगात वाढलेल्या लेखकांच्या ते ध्यानातही येत नाही. जातिवाचक शिवी पात्राच्या तोंडी घालायची असेल तर कथेच्या वर तसं लिहायला एक ओळ लागते. ती ओळ मी गेली काही वर्षं न चुकता लिहिते, आणि तिच्याबद्दल जेवढे आभार मला मिळाले तेवढे कुठल्याही कथेबद्दल मिळाले नसतील.

इशारा कुठे द्यायचा? कथेच्या सुरुवातीला, आणि लांब कथा असेल तर त्या त्या भागाच्या सुरुवातीलाही. प्रसंगाच्या मधे कधीच नाही. २०१२ पासून सिनेमात कोणी सिगारेट पेटवली की पडद्याच्या तळाशी सूचना झळकते, आणि आपलं लक्ष पात्राच्या चेहऱ्यावरून त्या अक्षरांवर जातं. तसं कंसात 'पुढचा परिच्छेद त्रासदायक आहे' असं लिहिलं की प्रसंगही मोडतो आणि वाचकालाही थांबायला वेळ मिळत नाही. प्रतिलिपी, वॉटपॅड किंवा आणखी कुठेही लिहीत असलीस आणि इशाऱ्याचा वेगळा रकाना मिळाला नाही, तर सारांशात एक ओळ आणि भागाच्या पहिल्या ओळीच्या वर एक ओळ, एवढं कुठेही जमतं. ज्यांना काहीच आधी कळू द्यायचं नाही अशा वाचकांसाठी 'इशारे भागाच्या शेवटी दिले आहेत, हवे असतील त्यांनी आधी तिकडे जावं' ही पद्धतही चांगली आहे.

कायद्याबद्दल एकच वाक्य, कारण इथे गैरसमज धोक्याचा आहे: १८ वर्षांखालच्या पात्रांचं अश्लील चित्रण, मग ते नुसत्या शब्दांत का असेना, भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली येऊ शकतं, आणि वर इशारा लिहिल्याने त्यातून सूट मिळत नाही.

अतिरेकही होतो. चाहत्यांमध्ये 'स्क्विक' असा एक जुना शब्द आहे: ज्याची मला नुसती किळस येते, पण तुला आवडत असेल तर खुशाल आवडो. सगळ्यांची सगळी किळस इशाऱ्यांत मावू शकत नाही, आणि कोणी तसा इशारा मागितला तर तो द्यायला तू बांधील नाहीस. एका कथेला तर हजाराहून जास्त टॅग लावलेले होते, शोधयादीत इतरांना जागा उरेना. २०२१ मध्ये एओथ्रीने एका कथेला ७५ टॅगांची मर्यादा घातली. पन्नास बारीकसारीक टॅगांच्या गर्दीत 'आत्महत्या' हा शब्द बुडाला तर तो दिल्यासारखा नाहीच. मी स्वतः तीन ते सहा इशाऱ्यांपलीकडे जात नाही. कथेत जे सविस्तर आहे ते आधी, जे नुसतं उल्लेखापुरतं आहे ते 'उल्लेख' असं लिहून नंतर.

आणि वाचकाचीही एक बाजू आहे. एओथ्रीवर 'डेड डव्ह, डू नॉट ईट' असा एक टॅग दिसतो. एका अमेरिकी विनोदी मालिकेत पिशवीवर 'मेलेलं कबुतर, खाऊ नका' असं लिहिलेलं असतं, पात्र पिशवी उघडतं, आत मेलेलं कबुतर असतं, आणि ते म्हणतं की मला दुसरं काय अपेक्षित होतं कोणास ठाऊक. टॅगचा अर्थ तोच: वर जे लिहिलं आहे तेच आत आहे. स्पष्ट इशारा वाचून आत आलेल्या वाचकाने मग 'असलं लिहिलंसच कशाला' म्हणून लेखकाला झोडू नये. तुझ्या त्या वाचक मुलीने मात्र हे केलेलं नाही. तिने तुला कथा काढायला सांगितलेलं नाही, बदलायलाही नाही. आधी सांगायला हवं होतंस, एवढंच तिने म्हटलं, आणि वर पुढे वाचू का असं विचारलं. इतकं होऊनही तिला तुझी कथा हवी आहे.

म्हणून आज रात्री हे कर. पहिल्या भागाच्या वर लिही: 'या कथेत पुढे एका पात्राची आत्महत्या आहे. त्या भागाच्या सुरुवातीला पुन्हा सांगेन.' कोण, कितव्या भागात, काही नको. सतराव्याच्या वर लिही: 'या भागात आत्महत्या आहे. घरच्यांना कळतं तो क्षण आणि त्यानंतरचं दुःख सविस्तर आहे. हा भाग सोडून पुढे जायचं असेल तर काय घडलं ते अठराव्याच्या सुरुवातीला दोन ओळींत दिलं आहे.' त्या दोन ओळी खरोखर दे. इशाऱ्यात पद्धतीचा उल्लेख नको. कथेतही ती तपशिलाने लिहिली असशील तर तो परिच्छेद पुन्हा बघ. माध्यमांसाठीच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात आत्महत्येच्या पद्धतीचं वर्णन टाळा असं स्पष्ट सांगितलं आहे, आणि कथेचं त्यात काही अडत नाही. भागाच्या शेवटी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक टाक. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

त्या मुलीची पुन्हा माफी मागू नकोस. दुसऱ्यांदा मागितलीस तर तुझी समजूत काढायचं काम तिच्या गळ्यात पडेल. तिच्या घरी काय झालं हेही विचारू नकोस, सांगायचं तर ती सांगेल. वाचू की नको याचं उत्तर तिच्या वतीने देऊ नकोस. तिला तुझ्या पुढच्या भागांचा नकाशा दे. ते भाग तुझ्याकडे आहेत, म्हणून मी फक्त घाट दाखवते: 'अठराव्यात तेराव्या दिवसाचं वर्णन आहे, अर्धा भाग तोच आहे. एकोणिसाव्यात फक्त एक उल्लेख येतो, शेवटच्या फोनमध्ये. विसाव्यात आईला तिच्या वह्या सापडतात, ते लांब आहे आणि मला वाटतं तुला जड जाईल. एकविसाव्यापासून कथा त्या दोघांकडे परत येते. कुठूनही सुरू कर, मधलं राहिलं तर मला विचार, मी सांगेन. कथा संपवण्याची घाई मलाही नाही.'